फ्रीस्पेस २ आज खेळावा का? जमेच्या बाजू, उणिवा आणि सुरुवात कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंतराळातल्या लढायांचे गेम नव्याने सुरू करायचे आहेत, जो तो १९९९ सालच्या 'फ्रीस्पेस २'चं नाव घेतो. इतका जुना गेम आज खेळण्यासारखा आहे का, त्यात काय भारी आहे, काय खटकतं आणि साध्या लॅपटॉपवर तो नीट चालवायचा कसा?

खेळावा. फक्त विकत घेतल्यावर जसा मिळतो तसाच्या तसा खेळू नये. आणि सुरू करण्याआधी हे पक्कं समजून घ्यावं की हा भटकंतीचा, व्यापाराचा किंवा जहाज सजवण्याचा गेम नाही. आखून दिलेल्या मिशन्सचा, एका मोठ्या युद्धातल्या एका लढाऊ वैमानिकाचा गेम आहे. त्याचं बळ आणि त्याच्या बहुतेक उणिवा एकाच निर्णयातून आल्या आहेत: इथे मोठी जहाजं हीच मुख्य शस्त्रं आहेत आणि तुम्ही लहान आहात.

थोडी पार्श्वभूमी. 'डिसेंट' हा गेम बनवणारी पॅरालॅक्स ही कंपनी १९९६मध्ये दुभंगली, त्यातला एक भाग म्हणजे इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावची व्होलिशन. १९९८मध्ये त्यांचा पहिला फ्रीस्पेस आला, सप्टेंबर १९९९मध्ये दुसरा. दोन्ही इंटरप्लेने प्रकाशित केले. समीक्षकांनी दुसऱ्याला डोक्यावर घेतलं, विक्री मात्र बेताचीच झाली आणि तिसरा भाग कधी निघालाच नाही. व्होलिशन स्वतः २०२३मध्ये बंद पडली. पण त्यांनी एप्रिल २००२मध्ये गेमचा सोर्स कोड खुला केला होता. आज हा गेम नव्या मशिनवर, नव्या ग्राफिक्ससह चालतो तो केवळ त्या एका गोष्टीमुळे.

मोठी जहाजं आणि बीम

या प्रकारच्या बऱ्याच गेममध्ये मोठं जहाज म्हणजे मागचा देखावा, नाहीतर तुम्ही एकट्याने घिरट्या घालून फोडायचं एक गाठोडं. फ्रीस्पेस २मध्ये ओरायन वर्गाचं डिस्ट्रॉयर सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या बीम तोफा समोरचं क्रूझर काही सेकंदांत उभं चिरतात. अशा जहाजाशी फायटरच्या बंदुकांनी झुंजण्यात अर्थ नसतो. तुमचं काम वेगळं असतं: शत्रूची बीम टरेट्स, म्हणजे जहाजावर बसवलेल्या तोफा, निकामी करणं, आपल्या जहाजाकडे येणारे बॉम्ब वाटेतच उडवणं, पळणाऱ्या जहाजाचं इंजिन बंद पाडणं. लढाईचा निकाल बीम लावतात. कोणत्या बीमला संधी मिळणार हे तुम्ही ठरवता. हे एकदा डोक्यात बसलं की मिशन्स सोपी होतात. नाही बसलं तर गेम अन्यायी वाटत राहतो.

एक नेमकं उदाहरण घ्या. शिवन शत्रूची केन आणि लिलिथ ही दोन क्रूझर दिसायला जवळपास सारखीच आहेत. पण लिलिथच्या पुढच्या अंगाला जो बीम आहे तो क्रूझरला न शोभणारा, फार मोठ्या ताकदीचा आहे. लांबून आकार पाहून 'साधं क्रूझर आहे' असं समजून तुम्ही आधी आसपासची फायटर मारत बसलात तर तेवढ्यात आपलं कॉर्व्हेट अर्धं झालेलं असतं. म्हणून शिवन क्रूझर आलं की पहिली गोष्ट, ते टार्गेट करून डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत वर्गाचं नाव वाचा. लिलिथ असेल तर बाजूने किंवा मागून शिरा, 'के' दाबत टरेट्समधून पुढचं बीम टरेट निवडा आणि आधी तेवढंच फोडा. यासाठी स्टिलेटो क्षेपणास्त्र उत्तम. मोहिमेच्या मध्यापासून मिळणारी मॅक्सिम बंदूकही चालते, कारण तिचा पल्ला लांब आहे आणि हलवर, म्हणजे जहाजाच्या मूळ सांगाड्यावर, तिचा मारा जबर आहे. शील्डवर, म्हणजे त्याभोवतीच्या ऊर्जेच्या कवचावर, मात्र ती कमकुवत, म्हणून तिला एकटीला घेऊन फायटरच्या झटापटीत उतरू नका.

बीम सुटण्याआधी तोफेच्या तोंडाशी प्रकाशाचे कण गोळा होतात आणि चार्ज होण्याचा आवाज चढत जातो. तो दिसला की त्या रेषेतून बाजूला व्हा. काही बीम एकाच बिंदूवर रोखलेले राहतात, काही जहाजाच्या अंगावरून झाडू फिरवल्यासारखे सरकतात. दुसऱ्या प्रकारात नेम तुमच्यावर नसतानाही तुम्ही मध्ये सापडता. फायटरवर रोखलेले बारीक बीम हा निराळा धोका: ते चुकवता येत नाहीत, फक्त त्यांच्या टप्प्यात रेंगाळणं टाळता येतं. एओलससारख्या क्रूझरवर हे बीम आणि फ्लॅक, म्हणजे विमानांजवळ फुटणारे तोफगोळे, दोन्ही असतात. फ्लॅकच्या स्फोटांनी तुमचं विमान हादरतं आणि नेम लागत नाही. अशा जहाजाजवळ सरळ रेषेत जाणं म्हणजे मिशन परत सुरू करणं.

ऊर्जेची वाटणी: गेमचा खरा गाभा

शस्त्रं, शील्ड आणि इंजिन यांच्यात बारा ठोकळे ऊर्जा वाटलेली असते, सुरुवातीला चार-चार-चार. एकीकडे वाढवली की बाकी दोघांकडून ती कापली जाते. नवीन खेळाडू ही वाटणी विसरतात आणि मग बंदूक मध्येच थंडावली, शील्ड भरतच नाही म्हणून वैतागतात.

समजून घ्यायची बाब अशी की ही वाटणी शस्त्रांचा आणि शील्डचा भरण्याचा वेग ठरवते. साठलेला साठा लगेच काढून घेत नाही. शील्ड पूर्ण भरलेलं असेल तर त्याच्या वाट्याचे ठोकळे त्या क्षणी वाया जात असतात. म्हणून लांबचं लक्ष्य गाठायचं असेल तेव्हा शील्डचे ठोकळे इंजिनाला द्या, कमाल वेग वाढतो. पोचलात की शस्त्रांना द्या. मार बसू लागला की शील्डकडे वळवा आणि आफ्टरबर्नरने, म्हणजे थोड्या वेळापुरत्या जादा वेगाने, बाहेर पडा. शील्डचे चार भाग असतात: पुढे, मागे, डावं, उजवं. बाणाच्या कीने हवा तो भाग दाट करता येतो, 'क्यू'ने सगळे सारखे होतात. पाठलाग होत असताना मागचा भाग दाट करणं हा सगळ्यात स्वस्त जीवरक्षक उपाय आहे. शील्ड पुन्हा भरतं, हल मात्र भरत नाही. शिफ्ट-आर दाबून बोलावलेलं सपोर्ट जहाज क्षेपणास्त्रं देतं, बिघडलेल्या यंत्रणा दुरुस्त करतं, पण हलचा आकडा होता तिथेच राहतो. त्यामुळे मिशनच्या पहिल्या पाच मिनिटांत गमावलेला हल शेवटी महागात पडतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी महत्त्वाचं: ही वाटणी मुळात इन्सर्ट-डिलीट, होम-एंड आणि पेज अप-पेज डाउन या सहा कींवर आहे. अनेक लॅपटॉपवर त्या फंक्शन कीबरोबर दाबाव्या लागतात किंवा विखुरलेल्या असतात. लढाईत ते जमत नाही. पहिलं मिशन सुरू करण्याआधीच या सहा कमांड हाताशी असलेल्या कींवर, किंवा जॉयस्टिकच्या बटणांवर हलवा. ही पाच मिनिटं वाचवली तर पुढे गेमची अर्धी मजा जाते.

बाकी कीबोर्डचा पसारा खरोखर मोठा आहे आणि ही उणीवच म्हणायला हवी. पण सुरुवातीला एवढंच पाठ करा: 'एच' सर्वांत जवळचा शत्रू, 'आर' तुमच्यावर हल्ला करणारा, 'बी' बॉम्ब किंवा बॉम्बर, 'एम' लक्ष्याच्या वेगाशी वेग जुळवणे, 'एक्स' क्षेपणास्त्र चकवणारा काउंटरमेझर, टॅब आफ्टरबर्नर, 'सी' हुकूम देण्याचा मेनू. क्षेपणास्त्र मागे लागलं तर ते आपल्या बाजूला काटकोनात येईल असं वळा, आफ्टरबर्नर लावा आणि ते जवळ आल्यावर 'एक्स' दाबा. लांब असताना घाबरून सगळे काउंटरमेझर संपवले तर खरी गरज पडते तेव्हा हात रिकामे असतात.

एस्कॉर्ट मिशन्स, जिथे लोक गेम सोडतात

सर्वाधिक तक्रार एस्कॉर्टची, म्हणजे आपल्या जहाजांचं रक्षण करायच्या मिशन्सची असते आणि ती रास्त आहे. तुमच्या बाजूची एआय विमानं बॉम्बच्या बाबतीत ढिली आहेत. फायटरशी ती बरी लढतात, पण सुटलेला बॉम्ब पाडण्यावर त्यांचा भरवसा ठेवता येत नाही. ते काम तुमच्यावर येतं. क्रम असा ठेवा: बॉम्बर दिसताच तो टार्गेट करा, शिफ्ट-एने साथीदारांना त्यावर सोडा, स्वतः ट्रेब्युशेसारखं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र लॉक करून मारा. बॉम्ब सुटले तर बॉम्बर तसाच सोडून 'बी' दाबा. बॉम्ब संथ असतो आणि थोड्या गोळ्यांत फुटतो. इथे जड बंदुकीपेक्षा सुबाकसारखी भराभर झडणारी बंदूक उपयोगी. शत्रूची इंटरसेप्टर विमानं तुम्हाला याच वेळी ओढून नेण्यासाठी येतात. त्यांच्या मागे जाऊ नका.

मिशनआधी शस्त्रं भरण्याच्या पडद्यावर साथीदारांचीही शस्त्रं बदलता येतात. हे कित्येकांना शेवटपर्यंत कळत नाही. त्यांच्याकडची साधी टेम्पेस्ट रॉकेट काढून हार्पून किंवा ट्रेब्युशे द्या. फरक लगेच दिसतो. आणि फायटरच्या तुकडीला डिस्ट्रॉयरवर हल्ल्याचा हुकूम देऊ नका. त्यातली विमानं सरळ फ्लॅकमध्ये घुसून मरतात.

याच पडद्याशी गेमचा एक खरा दोष जोडलेला आहे. ब्रीफिंगमध्ये, म्हणजे मिशनआधीच्या माहितीत, सांगितलेलं आणि प्रत्यक्ष घडणारं यांत मुद्दाम फरक ठेवलेला असतो. कथेसाठी ते छान, पण गस्तीसाठी हलकं विमान घेऊन निघालेल्यासमोर अचानक क्रूझर उभं राहिलं की शस्त्रंच चुकलेली असतात. मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं खेळून सगळं पुन्हा. 'रेड अलर्ट' प्रकारच्या मिशन्समध्ये तर आधीचीच मोडकी अवस्था आणि उरलेली शस्त्रं घेऊन थेट पुढच्या लढाईत जावं लागतं. यावर उपाय म्हणजे काय येणार माहीत नसेल तर मधल्या स्वरूपाचं विमान निवडणं: मर्मिडॉन किंवा हर्क्युलीस मार्क २, एका खणात हार्पून, दुसऱ्यात जहाजाविरुद्ध चालेल असं काही. एकच मिशन पाच वेळा हरलात तर गेम ते वगळून पुढे जाऊ देतो. अडून बसण्यापेक्षा ती सोय वापरलेली बरी. कठीणपणाच्या पाच पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर मार कमी बसतो आणि एका वेळी तुमच्या मागे लागणारे शत्रूही कमी असतात. पहिल्यांदा 'ईझी'वर खेळण्यात काहीही कमीपणा नाही, कारण कथा आणि मिशन्स तीच राहतात.

बॉम्बर आणि नेब्युला

बॉम्बर मिशन्स संथ आहेत. अर्सासारखं बॉम्बर वळायला जड, आणि सायक्लॉप्स किंवा हेलिओस बॉम्ब लॉक व्हायला काही सेकंद लक्ष्य वर्तुळात धरून ठेवावं लागतं. लांबून सोडला तर शत्रू तो वाटेत पाडतो. फार जवळून सोडला तर स्फोटाची लाट तुमच्यावरच येते. हजार मीटरच्या आत शिरून सोडायचा आणि लगेच आफ्टरबर्नरने वळायचं, हा सोयीचा मध्य. आपलं बॉम्बर फायटरशी लढवायचा मोह टाळा. तेवढ्यासाठीच सोबत एस्कॉर्ट असतो.

पुढचं वाक्य कथेतली एक गोष्ट उघड करतं. सॅथनस हे शिवनांचं अतिप्रचंड जहाज समोर येतं तेव्हा ते बुडवणं हे काम नसतं. त्याच्या पुढच्या चार हातांवरचे चार मुख्य बीम फोडणं हे असतं, म्हणजे आपलं सहा किलोमीटर लांबीचं कोलोसस त्याच्यासमोर उभं राहू शकेल. संपूर्ण गेममधलं हे माझ्या मते सर्वोत्तम मिशन, कारण इथे लहान विमानाचं काम आणि मोठ्या जहाजांची लढाई यांची सांगड अगदी चोख बसली आहे.

नेब्युलातली, म्हणजे अंतराळातल्या धुकट ढगातली मिशन्स वातावरणासाठी आजही गाजतात. धुक्यातून अचानक एक काळी सोंड बाहेर येते. सेन्सरचा पल्ला आखूड होतो, वीज चमकली की उपकरणं गडबडतात आणि लॉक सुटतो. तिथे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं नेणं म्हणजे ओझं वाहणं. हॉर्नेट किंवा हार्पून आणि चांगल्या बंदुका पुरेत. पण अशी मिशन्स ओळीने अनेक आहेत आणि त्यांतला काही वेळ निव्वळ वाट पाहण्यात जातो. अशा वेळी शिफ्ट आणि पूर्णविरामाची की दाबून काळाचा वेग वाढवता येतो. शत्रू येताच तो परत खाली आणायला विसरू नका.

कथा, आणि तिथे राहून गेलेलं

कथा गंभीर आहे आणि ब्रीफिंगमधून शिस्तीत उलगडते. ॲडमिरल बॉशला रॉनी कॉक्स आणि ॲडमिरल पेट्रार्कला रॉबर्ट लोगिया यांचा आवाज आहे. दोघांनी जीव ओतला आहे. शिवन कोण, त्यांना काय हवं आहे, हे गेम सांगत नाही आणि त्यातूनच भीती टिकते. पण तुमचं पात्र म्हणजे फक्त 'अल्फा १'. त्याला नाव नाही, चेहरा नाही, मिशनांच्या मधल्या वेळेत कुणाशी बोलणं नाही. साथीदार मेला तर दुःख होण्याइतकी ओळखच झालेली नसते. शेवटही अनुत्तरित आहे आणि पुढचा भाग नसल्यामुळे तो तसाच राहिला.

आता सुरुवातीच्या मुद्द्याचं दुसरं अंग. मोठ्या जहाजांची नाट्यमय लढाई हवी म्हणून लेखकांनी बरंच काही आधीच ठरवून ठेवलं आहे. ठरलेलं जहाज ठरलेल्या क्षणापर्यंत मरत नाही. कधी त्याचा हल अगदी तळाला जाऊन अडकून बसतो आणि तुमचे बॉम्ब वाया जातात. काही मिशन्समध्ये तुम्ही फक्त प्रेक्षक असता. स्वतःच्या निर्णयाने युद्धाची दिशा बदलावी अशी अपेक्षा असेल तर इथे निराशा होईल. गुप्त मोहिमांच्या दोन वाटा ऐच्छिक आहेत, त्या जरूर घ्या. दुसऱ्या वाटेत शिवनांचंच हस्तगत केलेलं मारा फायटर उडवायला मिळतं. पण मुख्य कथा त्यांनी वळत नाही.

उड्डाणही खऱ्या भौतिकशास्त्राचं नाही. इंजिन सोडलं की विमान थांबतं, कमाल वेगाला मर्यादा आहे, बाजूला सरकण्याची सोय मूळ गेममध्ये नाही. ज्यांना 'एलिट डेंजरस'मधलं फ्लाइट असिस्ट बंद करून तरंगत लढणं आवडतं त्यांना हे बांधल्यासारखं वाटेल. मल्टिप्लेअर आहे, पण खेळणारे इतके थोडे की त्यासाठी हा गेम घेऊ नये.

आज कसा चालवायचा

गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांतून मूळ गेम घ्या. तो तसाच चालवला तर नव्या विंडोजवर पडद्याच्या आकारापासून अडचणी येतात, म्हणून चाहत्यांनी खुल्या कोडवरून पुढे वाढवलेलं एफएसओ (फ्रीस्पेस ओपन) हे इंजिन वापरा. त्यासाठी नॉसॉस डॉट नेट नावाचा मोफत लाँचर उतरवा. तो मूळ गेमच्या फायली कुठे आहेत हे विचारतो. फोल्डर दाखवलं की स्वतःच उचलतो. मग त्याच यादीतून मीडियाव्हीपीज बसवा: यात जहाजांचे नवे मॉडेल, टेक्स्चर, स्फोट आहेत. डाउनलोड काही जीबींचं आहे, तेवढी जागा आधी मोकळी करा. इंजिनाची 'स्टेबल' आवृत्तीच घ्या. रोज बनणाऱ्या चाचणी आवृत्त्या सुरुवातीला नकोत.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर आधी सावल्या बंद करा, मग अँटी-अलायझिंग कमी करा, तरीही अडखळत असेल तर डिफर्ड लायटिंग बंद करा. याच क्रमाने, म्हणजे नको तेवढं सौंदर्य जाणार नाही. मोठ्या लढायांतच वेग पडतो. मेनूत सुरळीत चालतं यावरून अंदाज बांधू नका.

माउसने खेळता येतं, गेमपॅडही चालतो, पण साधी, पिळता येणारी जॉयस्टिक असेल तर गेम वेगळाच वाटतो. पिळण्याचा अक्ष रोलला द्या, स्लायडर वेगाला. मधला डेड झोन, म्हणजे जॉयस्टिक हलवूनही विमान हलत नाही तो भाग, अगदी थोडा ठेवा. जास्त ठेवला तर बारीक नेम धरताना विमान हलतच नाही आणि मग एकदम उडी मारतं. ट्रेनिंग मिशन्स कंटाळवाणी आहेत, तरी सोडू नका.

मुख्य मोहीम तीसेक मिशन्सची आहे. ती संपल्यावर त्याच लाँचरमधून चाहत्यांच्या मोहिमा घ्या, आणि खरं सांगायचं तर गेमचं आजचं मोल निम्मं तिथे आहे. मूळ गेमबरोबरच फ्रेड हा मिशन बनवण्याचा एडिटर दिला होता, त्यामुळे वीस वर्षांहून अधिक काळ लोक नवी मिशन्स रचत आले. आधी 'फ्रीस्पेस पोर्ट', म्हणजे पहिल्या भागाची मोहीम नव्या इंजिनावर. मग 'ब्लू प्लॅनेट'. ती मूळ कथेच्या पुढची आहे, म्हणून शेवट पाहिल्याशिवाय उघडू नका. 'विंग कमांडर सागा' आणि 'डायास्पोरा' हे २०१२मध्ये याच इंजिनावर आलेले स्वतंत्र, मोफत गेम आहेत; त्यांना मूळ फ्रीस्पेस २ विकत घ्यावा लागत नाही. पैसे घालण्याआधी हा प्रकार आपल्याला रुचतो का हे पाहायचं असेल तर 'डायास्पोरा' उतरवून पहिली दोन मिशन्स खेळून बघा.